डॉक्टर वानलेस

कोल्हापूर ते मिरज ही आगगाडी १८९१ साली सुरू झाली. त्याच सुमारास एक तरुण परदेशी डॉक्टर मिरजेस येऊन राहिले. त्यांचे नाव विल्यम वानलेस. त्यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकशास्त्राची पदवी मिळवून ते १८८९ साली पत्नी मेरी यांच्यासह भारतात आले. कोल्हापूर भागात काम करणाऱ्या अमेरिकन मिशनने त्यांना पाठविले होते. सांगलीस त्यांनी एक लहानसा दवाखाना चालविला. पुढे मिरजेच्या राजेसाहेबांनी जागा दिली व १८९४ साली तेथे रुग्णालय उभे राहिले.

त्या काळी मोतीबिंदू झालेल्या माणसाच्या डोळ्यात वैदू सुई घालून आतील गढूळ भिंग खाली लोटीत. काही दिवस दिसू लागे. पण पुष्कळदा डोळा सुजून कायमचा जाई. वानलेस ते भिंग कापून बाहेर काढीत. आंधळे म्हणून हात धरून आणलेले म्हातारे आपल्या पायांनी घरी परतू लागले, तेव्हा बैलगाड्यांतून आणि आगगाडीने रोग्यांची रीघ लागली. शस्त्र हाती घेण्यापूर्वी डॉक्टर प्रार्थना करीत. आपल्या हातांचे कौशल्य आपले नव्हे, ही त्यांची श्रद्धा होती.

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले, अशी कथा बायबलात आहे. ते काम नोकराचे. वानलेस यांच्या काळी महारोग्याच्या जखमा धुण्याचे काम तर नोकरही सहसा करीत नसत. घरची माणसेही अशा रोग्याला गावाबाहेर ठेवीत. मिरजेत या रोग्यांसाठी त्यांनी वेगळे रुग्णालय काढले. एकीकडे कोल्हापूरचे शाहू छत्रपती त्यांचे स्नेही होते आणि दुसरीकडे ज्यांना कोणी शिवत नसे, ते त्यांचे रोगी होते!

मोठ्या शल्यवैद्याला आपली विद्या आपल्यापाशीच ठेवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. वानलेस यांनी १८९७ साली मिरजेत वैद्यकीय शाळा काढली आणि येथील तरुणांना ती विद्या दिली. कदाचित हेच त्यांचे सर्वांत मोठे काम असेल. एका माणसाच्या हातांनी किती रोगी बरे होणार?

मेरीबाई पतीच्या आधीच निवर्तल्या. कोल्हापुरातील एका रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. क्षयरोग्यांसाठी मिरज व सांगली यांच्या दरम्यान आरोग्यधाम झाले. त्या वस्तीस वानलेसवाडी म्हणतात.

१९२८ साली इंग्रज सरकारने त्यांना ‘सर’ ही पदवी दिली. त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेस गेले आणि १९३३ साली तेथेच वारले. तोवर मिरजेच्या शाळेत शिकलेले डॉक्टर ठिकठिकाणी रोग्यांची सेवा करू लागले होते.