विश्लेषण : कान्होजी आंग्रे यांनी आरमारासाठी माणसे कशी निवडली? पेण-रोह्याचा ‘कोपरा’ का महत्त्वाचा होता?

मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे ४ जुलै १७२९ रोजी अलिबाग येथे निधन झाले. इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी आणि डच अशा चार दर्यावर्दी सत्तांना त्यांनी तीन दशके कोकणच्या किनाऱ्यावर रोखून धरले. हे यश किल्ल्यांचे आणि तोफांचे होते, तसेच माणसांच्या निवडीचेही होते. कोणता माणूस कुठे उभा करायचा, हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्याविषयी...

कान्होजी कोण होते?

कान्होजींचा जन्म १६६९ मधला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ, तर आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवरायांच्या आरमारात होते. कान्होजींचे बालपण हर्णैच्या परिसरात, सुवर्णदुर्गाच्या सावलीत गेले. सुवर्णदुर्गाला वेढा पडला असताना किल्लेदार फितूर होण्याच्या बेतात होता आणि तरुण कान्होजींनी पुढाकार घेऊन किल्ला वाचवला, असे परंपरेने सांगितले जाते. सिधोजी गुजर यांच्यानंतर, १६९८ च्या सुमारास, आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे बनले.

बचावाची रचना कशी होती?

रायगड जिल्ह्यात कबड्डी घरोघरी ठाऊक आहे. त्यामुळे ही रचना कबड्डीच्या भाषेत चटकन समजते. चढाईपटू अंगणात येतो तेव्हा कोपरारक्षक आणि मध्यरक्षक त्याला आत येऊ देतात, परतीची वाट अडवतात आणि मग पकड करतात. आंग्रे यांची पद्धत बरीचशी अशीच होती.

इंग्रजांची मोठी जहाजे उंच आणि जड तोफांची होती. खोल समुद्रात त्यांच्याशी समोरासमोर भिडणे परवडणारे नव्हते. त्यामुळे आंग्रे यांचा भर गुराब आणि गलबत या दोन प्रकारच्या नौकांवर होता. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढच्या बाजूला तोफा असलेली. गलबत त्याहून लहान, ४०-५० वल्ह्यांचे, उथळ पाण्यातही चालणारे. वारा पडला की मोठे जहाज जागीच थांबते. अशा वेळी वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढत त्याच्या मागच्या बाजूला नेत, कारण तिथे तोफा कमी असत. तोफांच्या माऱ्याने शिडे आणि डोलकाठ्या निकामी झाल्या की तलवारी घेतलेले सैनिक जहाजावर चढत. मोठे आरमार चालून आले, तर हीच गलबते खाडीत शिरत. तिथे खोल बुडाच्या जहाजांना पाठलाग करता येत नसे.

माणसे कोणती आणि का?

या पद्धतीला साजेशी माणसे किनाऱ्यावरच होती. भरती-ओहोटी, खडक आणि वाऱ्याची नस कोळ्यांना पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होती. ते शिकवून येणारे ज्ञान नव्हते. भंडारी समाज माडावर चढण्यात तरबेज आणि लढण्यातही पुढे. दक्षिण कोकणातील हेटकरी बंदुकीच्या नेमबाजीसाठी प्रसिद्ध, म्हणून किल्ल्यांच्या तटावर त्यांना मागणी असे. तोफखान्यावर काही युरोपीय गोलंदाजही होते.

या माणसांसाठी स्पर्धाही होती. मुंबईत इंग्रजांनी भंडाऱ्यांची शिबंदी उभी केली होती. सिद्दीला आणि पोर्तुगीजांनाही याच किनाऱ्यावरचे खलाशी हवे होते.

निवड चुकली तर काय होते?

याचे उदाहरण इंग्रजांच्या बाजूने मिळते. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१८ मध्ये खांदेरीवर मोहीम काढली. मॅन्युएल डी कॅस्ट्रो हा पोर्तुगीज माणूस पूर्वी आंग्रे यांच्या चाकरीत होता. त्याला खांदेरीची माहिती आहे म्हणून बूनने इंग्रजांच्या गलबतांचा ताबा त्याच्याकडे सोपवला. किल्ल्याची कोंडी करण्याचे काम त्याचे होते. प्रत्यक्षात आंग्रे यांची गलबते रसद घेऊन आत पोहोचली. मोहीम फसली आणि डी कॅस्ट्रोवर ठपका आला. माणूस माहितगार होता, पण ज्या जागी उभा केला तिथे भरवशाचा नव्हता.

उलट मराठ्यांच्या किल्ल्यांवर शिवकाळापासून हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशी कामाची वाटणी होती. एका माणसाच्या फितुरीने किल्ला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. सुवर्णदुर्गाच्या प्रसंगाने त्याचे मोल कान्होजींना तरुणपणीच कळले असणार.

पेण आणि रोह्याचे स्थान काय?

कुलाबा आणि खांदेरी समुद्राकडे तोंड करून उभे आहेत. पण अलिबागच्या पाठीमागे दोन वाटा होत्या. उत्तरेला पेणची खाडी धरमतरमार्गे थेट मुंबई बंदराला मिळते, म्हणजे इंग्रजांच्या दारात. दक्षिणेला रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्रास मिळते. तिथे पोर्तुगीज होते आणि त्याखाली जंजिऱ्याचा सिद्दी. समोरची फळी कितीही भक्कम असली, तरी हे दोन कोपरे उघडे राहिले असते तर तिचा उपयोग नव्हता.

१७१३ मध्ये शाहू महाराजांच्या वतीने चालून आलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींनी कैद केले. त्यानंतर बाळाजी विश्वनाथ यांनी वाटाघाटी करून त्यांना शाहूंच्या बाजूला वळवले. या तहात कान्होजींकडे १० मोठे किल्ले आणि १६ लहान ठाणी राहिली. मोठ्या किल्ल्यांच्या यादीत खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग यांच्या जोडीला रोह्याजवळचा अवचितगड आहे. लहान ठाण्यांत पेणजवळचा मिरगड आणि अलिबागमागचा सागरगड आहे. आरमारप्रमुखाच्या यादीत डोंगरी किल्ले का, याचे उत्तर या दोन वाटांत आहे.

कसोटी कधी लागली?

१७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. कमोडोर मॅथ्यूजच्या चार शाही युद्धनौका आणि सुमारे सहा हजारांचे सैन्य कुलाब्यावर चालून गेले. हल्ला किल्ल्याच्या तटावर अडला. घाटावरून थोरले बाजीराव घोडदळासह मदतीला उतरले. मागचा मुलूख मराठ्यांच्या हाती असल्याने ही मदत पोहोचू शकली. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले. १७२४ मध्ये विजयदुर्गावरचा डचांचा हल्लाही फसला.

पुढे काय झाले?

किल्ले, नौका आणि खलाशी कान्होजींच्या पश्चातही तेच होते. मात्र त्यांना एका रचनेत बांधणारा हात राहिला नाही. थोरले पुत्र सेखोजी १७३३ मध्ये वारले. मग मानाजी कुलाब्यात आणि संभाजी दक्षिणेकडे, अशी फाळणी झाली. नंतर तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांच्यात वितुष्ट आले. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला. ज्या बंदरात इंग्रजांना कान्होजींच्या हयातीत यश मिळाले नाही, तिथेच मराठा आरमाराची मोठी ताकद जळाली.

आज काय उरले आहे?

मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ पासून ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव आहे. कान्होजींची समाधी अलिबागमध्ये आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. पाठीमागचे कोपरे सांभाळणारे अवचितगड आणि मिरगड मात्र त्या यादीत नाहीत.