फुकट न गेलेली पायपीट

रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या पुष्कळ वाचकांस दापोलीजवळचें मुरूड गांव ठाऊक असेल. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण याच गांवीं गेलें. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं शेरवली येथें झाला. घरची स्थिति गरिबीची होती.

शाळेंत असतांना एका सरकारी परीक्षेस बसण्यासाठीं ते भर पावसांत, ओढे व घांट ओलांडीत, सुमारें ११० मैल पायीं चालून साताऱ्यास गेले. तेथें मुलाचें वय लहान दिसतें, एवढ्याच कारणानें त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. जो मुलगा नापास होतो त्यास निदान आपली चूक तरी कळते. येथें चूकच नव्हती. तथापि त्यांनीं अभ्यास सोडिला नाहीं. १८८१ सालीं ते मॅट्रिक झाले, तेव्हां त्यांचें वय तेवीस होतें. १८८४ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून ते बी. ए. झाले, आणि १८९१ सालीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले.

त्याच सालीं त्यांची पत्नी राधाबाई वारली. पुढें १८९३ सालीं त्यांनीं पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. तेव्हां मुरूडच्या लोकांनीं त्यांजवर बहिष्कार घातला. ज्या गांवानें वाढविलें त्यानेंच दार लावावें, हें दुःख साताऱ्याच्या दुःखाहून मोठें होतें.

यांतून ते काय शिकले, हें आमच्या मतें ध्यानांत घेण्याजोगें आहे. पुनर्विवाहाच्या चळवळीस लोक साथ देत नाहींत, असें त्यांनीं पाहिलें. त्यांनीं लोकांस दोष देत बसण्याऐवजीं आपली वाट बदलली. विधवा शिकली तर ती स्वतःच्या पायांवर उभी राहील, असें ठरवून त्यांनीं १८९६ सालीं पुण्यास आश्रम काढिला. १९०० सालीं तो हिंगण्यास एका झोंपडींत नेला. तेथून ते कॉलेजांत शिकविण्यास पायींच ये-जा करीत. १९१६ सालीं त्यांनीं स्त्रियांचें विद्यापीठ स्थापिलें. तें अद्यापि चालू आहे. १९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्यासाठीं त्यांनीं एक मंडळ उभें केलें.

१९५८ सालीं, शंभराव्या वर्षीं, त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं ते पुण्यास वारले.

आमच्या खेड्यांत एखादा मुलगा परीक्षेंत मागें पडला कीं आईबाप त्यास लागलेंच गुरांमागें धाडितात. एखाद्या उपदेशकबंधूची रात्रीची शाळा ओस पडली कीं तो कंदील टांगून ठेवितो. अशा वेळीं त्यांनीं साताऱ्याहून परत फिरलेल्या त्या मुलास आठवावें. इतर लोक पुढें गेले म्हणून आपली वाट संपत नाहीं. ती कोठें चुकली हें पाहून पुन्हा चालूं लागावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.