सेनापती स्लिमसाहेब

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे नेहमीच येतात. यंदा मी एका इंग्रज सेनापतीवर लिहिणार म्हणताच घरात सगळे हसले. सातवी शिकलेल्या बाईला लढाईतले काय कळणार? पण या माणसाचे चरित्र वाचताना मला रणांगणापेक्षा कोठीघरच जास्त दिसले, म्हणून हे धाडस.

विल्यम स्लिम यांचा जन्म ६ ऑगस्ट १८९१ रोजी इंग्लंडात, ब्रिस्टल शहराच्या बिशपस्टन भागात झाला. वडील लोखंडी सामानाचे व्यापारी. पुढे बिऱ्हाड बर्मिंगहॅमला गेले. घरची ओढाताण, दोन मुलांपैकी एकालाच पुढे शिकवणे झेपण्यासारखे होते. थोरला डॉक्टरीला गेला. धाकट्या विल्यमने गरीब वस्तीतल्या शाळेत मास्तरकी केली, मग एका कारखान्यात कारकुनी. १९१४ साली महायुद्ध झाले नसते तर तो कदाचित कारकून म्हणूनच निवृत्त झाला असता.

त्या युद्धात ते गॅलिपोलीला आणि पुढे मेसोपोटेमियात, असे दोनदा जखमी झाले. १९१९ साली ते हिंदी सैन्यात आले आणि गुरख्यांच्या पलटणीत रमले. १९२६ साली लग्न झाले, दोन मुले झाली आणि पगार पुरेना. तेव्हा हे साहेब टोपणनावाने मासिकांत गोष्टी लिहून चार पैसे जोडीत. सेनापतीच्या चरित्रात हे वाचून मला फार बरे वाटले! १९३९ साली आपल्या बेळगावला वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांची जी शाळा होती, तिचे ते प्रमुख होते.

दुसऱ्या महायुद्धात पहिला घास कडूच लागला. १९४० साली सुदानच्या सीमेवर गल्लाबात येथे पुढे जायचे की मागे फिरायचे, असा प्रसंग आला आणि ते मागे फिरले. तो निर्णय चुकला, असे त्यांनी पुढे स्वतःच छापून कबूल केले.

मार्च १९४२ मध्ये त्यांना ब्रह्मदेशात धाडले. रंगून आधीच पडले होते. जपान्यांपुढे माघार घेत उपाशी, तापाने फणफणलेली फौज सुमारे नऊशे मैल चालत हिंदुस्थानच्या सीमेवर आली. त्याच वाटांनी आपले लाखो लोकही बायकामुलांसह जीव घेऊन पळत होते. कित्येक वाटेतच गेले. शेवटची तुकडी चालत आली, तेव्हा स्लिमसाहेब रस्त्याकडेला उभे राहून आपली माणसे पाहत होते.

१९४३ साली चौदावी सेना त्यांच्या हाती आली. तिच्यात बहुसंख्य आपलेच जवान होते. तेव्हा एक जवान जखमी होऊन मागे आला, तर एकशेवीस आजारी पडून येत. मुख्य शत्रू हिवताप! त्यावर पिवळ्या गोळ्या होत्या, पण भलत्याच अफवांमुळे जवान त्या गिळत नसत. साहेबांनी अचानक तपासणी सुरू केली आणि ज्यांचे जवान गोळ्या घेत नव्हते अशा तीन पलटणींच्या प्रमुखांना काढून टाकले. पुढच्या तुकड्यांना अर्धे रेशन, तर मुख्य ठाण्यातही अर्धेच, असा त्यांचा दंडक होता. विमानातून शिधा टाकायला रेशमी छत्र्या मिळेनात, तेव्हा कलकत्त्याच्या गिरण्यांतून तागाच्या करून घेतल्या. रेशमी छत्रीला वीस पौंडांवर पडत, तिथे हिचे काम सुमारे एका पौंडात होई. पण १९४३ साली त्याच कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे अन्नावाचून मरत होती, हे मला विसरता येत नाही.

मार्च १९४४ मध्ये जपानी इंफाळ-कोहिमावर चालून आले. वाटेत सांगशाक येथे हवाई छत्रीधारी ब्रिगेडबरोबर मराठा पलटणीचे आपले जवानही उभे होते. पाण्याचे हाल सोसून त्यांनी शत्रूला काही दिवस अडवले, आणि कोहिमाला तेवढी सवड मिळाली. कोहिमावर एवढी मोठी फौज येईल असा साहेबांचा अंदाज नव्हता. हेही त्यांनी नंतर लपवले नाही. समोर जपान्यांबरोबर नेताजींची आझाद हिंद सेनाही होती. दोन्हीकडे आपलीच लेकरे. हे लिहिताना कोणाची बाजू घ्यावी ते मला सुचत नाही. जपान्यांची सुमारे तीस हजार माणसे त्या मोहिमेत गेली, त्यांतली कितीतरी भुकेने आणि रोगाने. आझाद हिंदच्या जवानांचेही तेच हाल झाले.

मार्च १९४५ मध्ये मेक्टिला आणि मंडाले घेतले, मेच्या आरंभी रंगून. एवढे करून त्याच महिन्यात वरिष्ठाने स्लिमसाहेबांनाच बाजूला सारण्याचा घाट घातला. फौजेत असा संताप उसळला की बेत फिरला, आणि काही आठवड्यांतच त्या वरिष्ठाचीच उचलबांगडी झाली.

१९४८ साली ते ब्रिटिश लष्कराचे प्रमुख झाले, पुढे १९५३ ते १९६० ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर-जनरल. १९५६ साली ब्रह्मदेशच्या मोहिमेवर त्यांनी ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच विजयाच्या आधी पराभव आहे. सरदारकीचा किताब घेताना त्यांनी त्यात बिशपस्टनचे नाव घातले. १४ डिसेंबर १९७० रोजी लंडनमध्ये ते वारले.