कोण होते डॉ. कोटणीस? रणांगणावर जखमींना वाचवणाऱ्या सोलापूरच्या डॉक्टरची गोष्ट

बीडहून धुळे-सोलापूर महामार्गाने निघालं की काही तासांत सोलापूर येतं. या रस्त्यावर अपघात झाला की सगळे एकच प्रश्न विचारतात, ॲम्ब्युलन्स किती वेळात येईल? जखमीचा जीव बऱ्याचदा याच वेळेवर ठरतो. सोलापूरच्याच एका डॉक्टरने हा हिशेब ८५ वर्षांपूर्वी चीनच्या डोंगरात मांडला होता.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने पाच भारतीय डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. वय अवघं २७. घरच्यांनी जड मनाने निरोप दिला. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली, पण कोटणीस परतले नाहीत. पथकातले बाकीचे चौघे मात्र पुढे भारतात परतले.

तिथे नेमकं काय करायचे?

गोल्डन अवर हा शब्द तेव्हा रूढ नव्हता. पण रक्तस्राव वेळेत थांबला नाही, जखम चिघळली की माणूस हातचा जातो, हे आघाडीवर रोज दिसत होतं. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्युन यांनी यावर साधा उपाय काढला होता: जखमीची वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरनेच लढाईच्या जवळ जायचं. १९३९ मध्ये ऑपरेशन करताना बोट कापलं, विष रक्तात भिनलं आणि बेथ्युन गेले. त्यांचं काम पुढे कोटणीसांनी हाती घेतलं.

१९४० मधल्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास ऑपरेशन्स केली. ८०० हून अधिक जखमींवर उपचार झाले, अशी नोंद आहे. औषधं तुटपुंजी, शत्रूची नाकेबंदी. हॉस्पिटल म्हणजे खेड्यातली घरं! गरज पडली की गाव बदलायचं. १९४१ मध्ये ते बेथ्युन आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. कारण एकटा सर्जन किती जणांना पुरणार? चिनी लोकांनी त्यांचं नाव ठेवलं, के दिहुआ.

त्याच वर्षी परिचारिका प्रशिक्षणात काम करणाऱ्या गुओ किंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

इतरांना वेळेत उपचार देणाऱ्या या डॉक्टरला स्वतःला अपस्माराचे झटके येत होते. विश्रांतीची गरज होती, ती त्यांनी घेतली नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांतच त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते आणि मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा. शस्त्रक्रियेवरचं एक पुस्तक अर्धवट राहिलं.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, स्वतःच कोटणीसांची भूमिका केली. चीनमध्ये शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे. सोलापुरात भैय्या चौकातलं कोटणीसांचं घर आता स्मारक आहे.