विक्रमी मासा, त्या रात्रीचं कालवण

भाट्याच्या खाडीत मासे गरवणाऱ्या प्रत्येकाकडे हातून निसटलेल्या मोठ्ठ्या माशाची एक तरी गोष्ट असतेच. जॉर्ज पेरीला मात्र तो मासा खरंच मिळाला.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला हा विशीतला शेतकरी. वडील गेलेले, मंदीचे दिवस, घराची जबाबदारी अंगावर. २ जून १९३२. पावसामुळे नांगरणी बंद, म्हणून तो मित्रासोबत माँटगोमेरी तळ्यावर गेला. दोघांत रॉड एकच, आमिषही एकच, आळीपाळीने टाकायचं. जॉर्जच्या पाळीला पाणी उसळलं, पण दोरा जागचा हलेना. त्याला वाटलं, गेला मासा! तेवढ्यात दोरा हलला.

बाहेर आला तो लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा. गावात वजन झालं: २२ पौंड ४ औंस, म्हणजे साधारण १० किलो. जागतिक विक्रम! एका मासिकाच्या स्पर्धेत त्याला ७५ डॉलरच्या वस्तू मिळाल्या. आणि मासा? घरच्यांनी शिजवून खाल्ला. त्यामुळे शंका घेणारेही कमी नव्हते. पण दोनच वर्षांनी पठ्ठ्याने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली.

पुढे जॉर्ज वैमानिक झाला आणि १९७४ मध्ये विमान अपघातातच गेला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांना किंचित जास्त वजनाचा बास मिळाला. पण विक्रम मोडायला किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची बरोबरी धरली गेली.

महागड्या बोटी घेऊन लोक आजही या विक्रमामागे आहेत. जॉर्ज त्या दिवशी फक्त कालवणाला मासा शोधत होता.