तबकडीतून लिनक्स देशभर नेणारे अतुल चिटणीस

हिंजवडीच्या आयटी पार्कजवळच्या जांबे (ता. मुळशी) येथे राहणारा संगणक अभियंता आज घरी बसून एक आज्ञा देतो आणि लिनक्सचे हवे ते पॅकेज दूरच्या भांडारातून क्षणार्धात उतरवून घेतो. ते पॅकेज ज्या इतर पॅकेजांवर अवलंबून असते, तीही पाठोपाठ आपसूक येतात. इंटरनेट दुर्मिळ असताना असे भांडारच वाचकांच्या हाती ठेवण्याच्या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. हे नाव महाराष्ट्रात फारसे घेतले जात नाही, याचे नवल वाटते.

चिटणीस यांचा जन्म २० फेब्रुवारी १९६२ रोजी जर्मनीत झाला. अभियांत्रिकीचे शिक्षण मात्र बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. पुढे बंगळूर ही त्यांची कर्मभूमी ठरली. तेथे १९८९ मध्ये त्यांनी 'सिक्स' ही बुलेटिन बोर्ड सेवा सुरू केली. अशा सेवांना मोडेमवरून दूरध्वनी लावायचा, निरोप व फायली उतरवून घ्यायच्या, दूरध्वनी ठेवायचा आणि मग सावकाश वाचन करायचे, अशी तेव्हाची रीत होती. जोडणी मोजकी आणि महाग. त्यामुळे काम जोडणीविना व्हायला हवे, हा धडा त्या पिढीला तेथेच मिळाला.

'पीसी क्वेस्ट' या संगणकविषयक मासिकाचे ते सल्लागार संपादक होते. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले खरे. पण सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने ६५० मेगाबाइटची एक तबकडी भरेल एवढी सामग्री उतरवायला अखंड सहा दिवसांहून अधिक काळ लागला असता. मधेच दूरध्वनी तुटला की संपलेच! साहजिकच १९९६ मध्ये या मासिकाने स्लॅकवेअर लिनक्सची तबकडी अंकासोबत दिली, तेव्हा तिचे मोल मोठे होते. जे इंटरनेटवरून मिळणे अशक्यप्राय होते, ते आता वृत्तपत्र विक्रेत्याकडे मिळू लागले. वसतिगृहातील एका विद्यार्थ्याकडे अंक असला, तरी अनेकांचे काम भागे. कारण लिनक्सच्या प्रती काढून वाटण्यास परवान्याची आडकाठी नव्हती.

पुढील वर्षांत रेड हॅट व फेडोरावर आधारित आवृत्त्याही मासिकाने दिल्या. त्यांतील आरपीएम ही व्यवस्था, कोणते पॅकेज कशावाचून अडते, हे तपासत असे. एखादी साहाय्यक फाइल हाताशी नसेल, तर सारेच काम खोळंबे. तबकडीवर ती सोबतच असे, हीच तिची खरी उपयुक्तता. बाहेरच्या इंटरनेटपासून जाणीवपूर्वक अलग ठेवलेल्या संगणकजाळ्यांत आजही हेच केले जाते. तबकडीची जागा अंतर्गत सर्व्हरवरील भांडाराने घेतली आहे, एवढेच.

फुकट मिळालेले वापरून भारतीयांनी थांबू नये, स्वतः संगणकप्रणाली लिहून जगाच्या भांडारात भर घालावी, असा चिटणीस यांचा आग्रह होता. हे ते परखडपणे मांडत. काहींना ते बोचेही. बंगळूरमध्ये २००१ पासून भरणाऱ्या लिनक्स परिषदेचे ते प्रमुख संयोजक होते. २००५ मध्ये तिचे 'फॉस डॉट इन' असे नामांतर झाले. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांना आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले. तरीही त्याच वर्षअखेरीस परिषद झाली. ती शेवटची ठरली. ३ जून २०१३ रोजी वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.