एकशे आठ चौकटींचा लाल रंग

गेल्या वर्षी ताईच्या लग्नाचा अल्बम घरी आला. त्यात एका पानावर सगळी माणसे काळीपांढरी आणि ताईचा शालू तेवढा लालभडक. आम्ही भावंडे खूश झालो. वडील मात्र बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले आणि बाकीच्यांना असे राखेत का घातले म्हणून विचारू लागले. मला उत्तर देता आले नाही. मोबाइलवर हे दोन बोटांचे काम आहे, एवढेच मला ठाऊक होते. एका रंगासाठी बाकीचे सगळे रंग काढून घ्यायचे, तर त्याला तसे कारण हवे. ते शोधता शोधता मी सेर्गेई आयझेनस्टाइन या रशियन दिग्दर्शकाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो.

२२ जानेवारी १८९८ रोजी रीगा येथे त्याचा जन्म झाला. आज ही लाटव्हियाची राजधानी आहे. तेव्हा ते रशियन साम्राज्यातले एक शहर होते. वडील मिखाइल नामवंत वास्तुशिल्पी. त्यांच्या नक्षीदार इमारती रीगात आजही उभ्या आहेत. मुलगाही पेट्रोग्राडला स्थापत्य अभियांत्रिकी शिकू लागला. पण १९१७ ची क्रांती झाली, यादवी पेटली आणि १९१८ मध्ये हा विद्यार्थी शिक्षण सोडून लाल सेनेत दाखल झाला. (ज्या घरातून पहिलाच मुलगा कॉलेजात जातो, त्या घरच्याला हे वाचताना धस्स होते!) वडील विरुद्ध बाजूला, म्हणजे ‘श्वेत’ पक्षाला मिळाले. पुढे ते जर्मनीत गेले आणि १९२० साली तिथेच वारले. एकाच घरात लाल आणि पांढरा असे दोन रंग पडले.

सैन्यातून सुटल्यावर तो मॉस्कोत नाटकाकडे वळला, मायरहोल्ड या थोर नाट्यदिग्दर्शकाच्या हाताखाली शिकला आणि तिथून चित्रपटात आला. ‘स्ट्राइक’ हा त्याचा पहिला मोठा चित्रपट. लगेच दुसरे काम आले. १९०५ च्या फसलेल्या क्रांतीला वीस वर्षे होत होती, तिच्यावर चित्रपट हवा होता. त्या वर्षी काळ्या समुद्रातील ‘पोटेमकिन’ या युद्धनौकेवर अळ्या पडलेल्या मांसावरून खलाशांनी उठाव केला होता. आयझेनस्टाइनने एवढी एकच घटना उचलली. तेव्हा त्याचे वय होते सत्तावीस.

उठावानंतर जहाजाच्या डोलकाठीवर लाल झेंडा चढतो, तो प्रसंग दाखवायचा होता आणि अडचण नेमकी तिथेच होती. त्या काळची कृष्णधवल फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल कापडाचे चित्र घेतले तर पडद्यावर ते काळे दिसे. क्रांतीच्या झेंड्याऐवजी शोकाचे फडके! म्हणून त्याने चक्क पांढरा झेंडा फडकवून चित्रण केले आणि मग फिल्मच्या पट्टीवर एकेका चौकटीत ब्रशने लाल रंग भरला. चौकट टपालाच्या तिकिटाएवढी, त्यातला झेंडा त्याहून कितीतरी लहान. अशा चौकटी किती, तर एकशे आठ. आपल्याकडे जपमाळेचे मणी तेवढेच असतात. हा निव्वळ योगायोग, पण एकेक मणी ओढावा तसेच ते काम झाले असणार. मूकपटाच्या वेगाने हिशेब केला तर हा सारा खटाटोप पडद्यावरच्या सहा-सात सेकंदांसाठी. २१ डिसेंबर १९२५ रोजी मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहात पहिला खेळ झाला. करड्या समुद्रावर, करड्या आभाळाखाली तो लाल तुकडा वर गेला.

‘बॅटलशिप पोटेमकिन’ देशोदेशी गेला. १९४७ साली सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली, तेव्हा पहिला खेळ याच चित्रपटाचा लावला. पण हाताने भरलेला रंग काही प्रत्येक प्रतीत उतरत नाही. जगभर फिरलेल्या कितीतरी प्रतींत झेंडा पांढराच राहिला. पांढरा झेंडा म्हणजे शरणागती. आणि यादवीतल्या रशियात पांढरा म्हणजे शत्रूचा, त्याच्या स्वतःच्या वडिलांच्या पक्षाचा रंग. एक रंग गळाला आणि सबंध प्रसंगाचा अर्थ उलटला. माझ्या ताईच्या शालूचा रंग काढला असता तर काही म्हणजे काही बिघडले नसते. फरक आहे तो इथे.

पुढचे आयुष्य सुखाचे गेले नाही. हॉलिवूडमध्ये एकही चित्रपट झाला नाही, मेक्सिकोतला अपुरा राहिला. मायदेशी परतल्यावर १९३७ साली त्याचा ‘बेझिन मेडो’ अधिकाऱ्यांनी मध्येच बंद पाडला. १९३८ च्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ने मान परत मिळाला. मग झार इव्हानवरचा चित्रपट आला. त्याच्या पहिल्या भागाला स्टालिन पारितोषिक मिळाले. त्या निमित्ताच्या समारंभात, फेब्रुवारी १९४६ मध्ये, नाचतानाच त्याला हृदयविकाराचा झटका आला. दुसरा भाग कृष्णधवल आहे. फक्त मेजवानी आणि नाच, आणि अखेरचा लहानसा तुकडा रंगीत. जर्मनांकडून हाती आलेल्या रंगीत फिल्मवर तो घेतला होता. लाल, सोनेरी आणि काळा. इथला लाल मात्र झेंड्याचा नाही. राजाच्या मारेकऱ्यांच्या धुंदीचा आहे. स्टालिनला ते रुचले नाही. ज्या सत्तेचा झेंडा त्याने चौकटीचौकटीने रंगवला होता, तिनेच हा चित्रपट अडवला. तो प्रदर्शित झाला १९५८ साली. आयझेनस्टाइन ११ फेब्रुवारी १९४८ रोजी, पन्नासाव्या वर्षी गेला होता. त्याचे शेवटचे अपुरे लेखन चित्रपटातील रंगाविषयीच होते.

२००५ साली बर्लिनमध्ये ‘पोटेमकिन’ची दुरुस्त केलेली प्रत दाखवण्यात आली. तिच्यात झेंडा पुन्हा लाल आहे. परवा रात्री जेवणानंतर मी तो प्रसंग वडिलांना मोबाइलवर दाखवला. झेंडा वर चढला तेव्हा त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला.